मागच्या सीटवरचा पट्टा

गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रीघ लागते. त्यातल्या कुठल्याही गाडीच्या मागच्या सीटवर नजर टाका. मखराचं सामान, खाण्याचे डबे, आईच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि सीट कव्हरच्या खाली दडपून टाकलेले सीट बेल्टचे पट्टे. कित्येक कव्हरांना बकल वर काढायला फटही ठेवलेली नसते. पुढे बसणारे आता पट्टा लावतात, कारण चौकात पोलीस बघतात आणि लावला नाही तर गाडी बीप-बीप करून डोकं उठवते. मागे बसलेल्याला पुढच्या सीटचा आडोसा आहेच, असं आपण धरून चालतो.

थोडा हिशेब केला की हा भ्रम उतरतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. 14 मीटर उंच माडाच्या शेंड्यावरून सुटलेला माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग एवढाच असतो. गाडी समोर आदळली की तिचं नाक चेपत जातं आणि समजा ती अर्ध्या मीटरात थांबते. पट्ट्याने गाडीशी बांधलेला माणूसही गाडीबरोबर साधारण तेवढ्याच अंतरात थांबतो. त्याच्यावर येणारं बल त्याच्या वजनाच्या सुमारे 28 पट होतं. भयंकर वाटतं खरं, पण क्षणभरापुरतं आणि मजबूत हाडांवर विभागून आलं तर शरीर ते सोसू शकतं. पट्टा नसलेला माणूस मात्र गाडी थांबली तरी त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि जे आधी आडवं येईल त्यावर पाच सेंटिमीटरात थांबतो. अंतर दहापट घटलं की बल दहापट वाढतं. मागचा माणूस ज्या सीटवर आदळतो, त्या सीटवर कोणीतरी बसलेलं असतं. त्याने स्वतः पट्टा लावलेला असला तरी पाठीमागून येणारं हे ओझं त्याला चुकवता येत नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते आणि त्यांच्यासोबत दगावलेले दुसरे प्रवासी, दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

हा पट्टा आज ज्या रूपात आहे, ते रूप त्याला स्वीडनमधल्या व्होल्वो या कंपनीत मिळालं. असार गाब्रिएल्सन आणि गुस्ताव्ह लार्सन या दोघांनी उभ्या केलेल्या या कंपनीची पहिली गाडी 14 एप्रिल 1927 रोजी गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याला हे नाव रात्रीच्या एसी बसमुळे ओळखीचं. बस बनवणारी आणि कार बनवणारी कंपनी मात्र आता वेगळी आहे. कारचा धंदा 1999 मध्ये फोर्डकडे आणि 2010 मध्ये चीनच्या गीली कंपनीकडे गेला.

1958 मध्ये व्होल्वोने निल्स बोलिन या अभियंत्याला नोकरीवर घेतलं. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. वैमानिकाला क्षणात विमानाबाहेर फेकणारी ती सीट. शरीर किती झटका सोसतं आणि तो कुठे सोसतं, हे बोलिनला नेमकं ठाऊक होतं. तेव्हाच्या गाड्यांत पट्टे होते, पण बहुतेक नुसते कमरेचे. अपघातात माणूस कमरेतून दुमडायचा, डोकं पुढे आपटायचं. बकल पोटावर आलं तर आतल्या अवयवांना इजा व्हायची. वैमानिकासारखे चार-पाच पट्टे आवळून बाजाराला जायला कोण तयार होणार?

बोलिनने एकच सलग पट्टा घेतला आणि तो तीन ठिकाणी अडकवला. एक भाग ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून आडवा. दुसरा खांद्याच्या हाडावरून छातीवर तिरका. दोन्ही भाग एकत्र येतात ते मांडीच्या बाजूला, सीटजवळ खाली, त्यामुळे बकल पोटावर येतच नाही. सगळी करामत या भूमितीत आहे. ताण हाडांवर पडतो, पोटावर पडत नाही, आणि एका हाताने क्लिक केलं की काम झालं. 1959 मध्ये हा पट्टा विक्रीच्या गाड्यांत आला. पेटंट व्होल्वोचंच होतं, तरी कंपनीने ते सगळ्या कारखान्यांना मोकळं ठेवलं. मला या कंपनीच्या इतिहासात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. तुमच्या-माझ्या गाडीतला पट्टा, ती कुठल्याही कंपनीची असो, त्याच आराखड्याचा आहे.

नंतर पट्ट्याला रीळ आली. हळू ओढला तर पट्टा सैल सुटतो, हिसका दिला की अडतो. गाडीचा वेग एकदम पडला की रिळीतला छोटा गोळा किंवा लोलक कलंडतो आणि दात अडकवतो. गाडी फार तिरकी उभी असली तरी तो कलंडतो. म्हणून एखाद्या उभ्या चढावर पट्टा निघता निघत नाही, तेव्हा तो बिघडलेला नसतो.

आता मांडीवरच्या पोराबद्दल. 10 किलोचं मूल, ताशी 50चा वेग, थांबायला अर्धा मीटर: आईच्या हातांना क्षणभर जवळपास 200 किलोचा ओढा पेलावा लागेल. जगातली कुठलीच आई तो पेलू शकत नाही. आणि एकच पट्टा दोघांभोवती घेतला तर आईच्या वजनाखाली मूल चिरडतं. तान्ह्या मुलाच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या डोक्याचा असतो आणि मान कोवळी. गोथेनबर्गच्याच चाल्मर्स विद्यापीठातल्या बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर झटका पाठीवर घेतात हे पाहिलं आणि मुलांची सीट उलटी, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची कल्पना मांडली. 1964 मध्ये व्होल्वोत तिच्या चाचण्या झाल्या. अपघातात डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी पाठीमागच्या गादीत दाबली जातात, मान तुटत नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी 1978 मध्ये बूस्टर गादी आली. मूल चार बोटं उंच बसलं की पट्टा गळ्यावर आणि पोटावर न येता खांद्यावर आणि कमरेच्या हाडांवर येतो.

1970 पासून कंपनीचं एक पथक खऱ्या अपघातांच्या जागी जाऊन मोजमाप करत आलं आहे. बाजूने बसणाऱ्या धडकेसाठीची रचना (1991), मानेचा हिसका झेलणारी सीट (1998), कमी वेगात आपोआप लागणारे ब्रेक (2008) या सुधारणांमागे ही पायपीट आहे. तिकडच्या जंगलातला मूस हरीण आडवा आला तर ओळखणारी यंत्रणाही त्यांनी केली. पावसाळ्यात डांबरावर बसून राहणाऱ्या गुरांमुळे आणि सिंधुदुर्गातल्या गव्यांमुळे आपल्याला तिचं मोल सहज कळेल. पण या साऱ्यांची मदार शेवटी पट्ट्यावरच असते. एअरबॅगसुद्धा पट्टा लावलेला आहे असं धरूनच जोडीला दिलेली असते.

आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल, तरीही तेवढाच. गावी निघण्याआधी कव्हर उचलून बकलं वर काढा, क्लिक होतात का पाहा, पट्टा पिळलेला किंवा उंदराने कुरतडलेला नाही ना ते बघा. जुन्या गाडीत मधल्या जागेला बहुधा नुसता कमरेचाच पट्टा असतो. तिथे कोणी बसलंच, तर तो पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर घट्ट ओढून घ्यायला सांगा, आणि मुलांना कडेच्या, तीन टोकांच्या पट्ट्याच्या जागा द्या.