वकील-निवेदक

वकिलीची सनद घेऊन काही काळ न्यायालयात उभे राहिलेल्या आणि पुढे नभोवाणीवरील निवेदनाकडे वळलेल्या व्यक्तीस वकील-निवेदक म्हणता येईल. ठाणे आणि नवी मुंबईत या वळणाला भूगोलाचीही बाजू आहे. ठाण्याचे जिल्हा न्यायालय कोर्ट नाक्याजवळ आणि नवी मुंबईचे न्यायालय बेलापूरला असले, तरी आकाशवाणीचा माइक गाठायचा तर चर्चगेटच्या केंद्रापर्यंत जावे लागते. पहाटेच्या प्रसारणसभेची ड्युटी आटोपून अकराच्या खटल्यांच्या पुकाऱ्याला ठाण्यात हजर होणे ही लोकलच्या भरवशावरची कसरत ठरते.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार स्थापन झालेल्या भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत प्रसारणाला बरीच मोकळीक आहे. नियम ४९ प्रमाणे वकिलास पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ती पत्करल्यास राज्य विधिज्ञ परिषदेला कळवून नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. नियम ५१ मात्र जाहिरातबंदी आणि पूर्णवेळ नोकरीबंदी पाळून प्रसारण, पत्रकारिता व अध्यापन करण्यास मुभा देतो. सारा फरक त्यामुळे पगार आणि मानधन यांतला आहे. ध्वनिचाचणीतून निवडलेल्या आणि ड्युटीगणिक मानधन घेणाऱ्या आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाची सनद सहसा अबाधित राहते. खासगी एफएम वाहिनीवर मासिक पगारावर रुजू होणाऱ्याला ती स्थगित करावी लागते. उलट क्रम, म्हणजे आधी दुसरा व्यवसाय आणि मग सनद, अधिक अवघड आहे. १९९६ मध्ये हनिराज चुलानी या वैद्यकीय व्यावसायिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा परिषदेचा नियम उचलून धरला आणि दुसरा व्यवसाय न सोडणाऱ्याला सनद नाकारणे वैध ठरवले.

भाषेचे वळण याहून कठीण. १९९८ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाल्याने इथल्या वकिलाकडे घोटीव मराठी असते. पण ती कागदाची मराठी असते. ‘उपरोक्त’, ‘सदरहू’, ‘खाली नमूद केल्याप्रमाणे’ हे शब्द माइकसमोर निरर्थक होतात, कारण ऐकणाऱ्याला ‘वर’ आणि ‘खाली’ काही दिसतच नसते. न्यायाधीश मध्येच थांबवून खुलासा मागू शकतात. श्रोता फक्त स्टेशन बदलतो. स्पष्ट उच्चार, दमसास आणि समोरच्या मजकुराचा अर्थ क्षणात पकडण्याची सवय मात्र जशीच्या तशी कामी येते.

कायदेविषयक कार्यक्रमात अशा निवेदकावर दुहेरी बंधन असते. आकाशवाणीची प्रसारणसंहिता न्यायालयाचा अवमान होईल असे बोलू देत नाही, आणि विधिज्ञ परिषदेचा नियम ३६ प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीस मनाई करतो. घोडबंदर रस्त्यावरच्या सदनिकेचा ताबा रखडल्याचे एखाद्या श्रोत्याने विचारले, तर कायद्याची तरतूद समजावून त्याला महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवता येते. स्वतःच्या कार्यालयाचा पत्ता सांगता येत नाही.