काटेचेंडू बागेत लावताना

आमच्याकडून रोप नेलंत, आनंद वाटला. लावण्याआधी हे पान वाचा, कारण काटेचेंडूच्या बाबतीत मोठी चूक होते ती पहिल्याच दिवशी.

पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या उंच गडांवर, कड्यालगतच्या गवतात उंच दांड्यांवर गोल काटेरी फुलं डोलताना दिसतात, तोच हा काटेचेंडू. करडईचा भाऊबंद. तिच्यासारखंच याचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलेलं याला सोसत नाही.

म्हणून जागा एकदाच ठरवा. दिवसभर ऊन हवं, आणि काटे लागतात म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेपासून हातभर लांब. पिशवी ब्लेडने कापा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका. माती चिकण असेल तर मुरूम मिसळून उंच वाफा करा. शेणखत मूठभर पुरे. जास्त झालं की पानंच माजतात आणि दांडा वाऱ्याने आडवा होतो. कुंडीत लावायचं तर ती दीड-दोन फूट खोल हवी.

पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसती पानं राहिली तरी धीर धरा.

फुलं सरली की उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो. ‘झाड मेलं’ असे फोन आम्हाला याच दिवसांत येतात, आणि काही जण तोवर ते उपटूनही मोकळे झालेले असतात. फार वाईट वाटतं, कारण खाली मूळ जिवंत असतं. वाळका दांडा बुडाशी कापा, खुणेला काठी रोवा आणि रोज पाणी घालू नका. त्यानेच मूळ कुजतं. पाऊस सुरू झाला की कोंब वर येतात.

चेंडू फुलेल तेव्हा जवळ जाऊन बघा. ते एक फूल नसतं. असंख्य बारीक फुलं दाटीने बसलेली असतात आणि उमलायला माथ्यापासून सुरुवात होते. मधमाश्या आणि फुलपाखरं दिवसभर येतात, त्यामुळे फुलोऱ्यावर कीटकनाशक मारू नका. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

आणखी रोपं हवी असतील तर आमच्याकडे या, गडावरून उपटून आणू नका. आम्ही ती आमच्याच वाफ्यातल्या बियांपासून करतो.