निवृत्तीच्या वयाआधीचा कर्करोग : प्रदेशागणिक बदलणाऱ्या आकड्यांमागचा इतिहास

कर्करोगाच्या प्रादेशिक तुलनेत ३५ ते ६४ हा वयोगट गेली सुमारे सहा दशके वेगळा काढून पाहिला जातो. १९६६ साली रिचर्ड डॉल, पीटर पेन आणि जॉन वॉटरहाउस यांच्या संपादनाखाली पाच खंडांतील कर्करोगाच्या नोंदी एकत्र छापल्या गेल्या. निरनिराळ्या देशांचे आकडे असे शेजारी शेजारी मांडताना एक जुनी अडचण ठळकपणे समोर आली. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाचा आजार शेवटपर्यंत तपासला जातोच असे नाही. कुठे त्याला रुग्णालयात नेले जाते, गाठीचा तुकडा तपासला जातो आणि अवयवाचे नाव लिहिले जाते, तर कुठे 'म्हातारपण' एवढेच कारण देऊन दाखला निघतो. म्हणजे वृद्धांच्या आकड्यांत दोन प्रदेशांमधला जो फरक दिसतो, तो आजाराचा कमी आणि तपासणीचाच जास्त असू शकतो. पस्तिशीच्या आत मुळात रुग्ण थोडे असतात आणि कर्करोगाचे प्रकारही वेगळे असतात. म्हणून डॉल आणि पॉला कुक यांनी १९६७ मध्ये असा आग्रह धरला की, विश्वासार्ह तुलना करायची तर ती ३५ ते ६४ या मधल्या वयांपुरती करावी. पुढे ही पद्धत अनेक देशांत रुळली.

वरची मर्यादा नेमकी निवृत्तीच्या वयाजवळ आली, हा बराचसा योगायोग आहे. पासष्ट हे वय वैद्यकशास्त्राने ठरवलेले नाही. जर्मनीच्या १८८९ च्या निवृत्तिवेतन कायद्यात ते सत्तर होते आणि १९१६ मध्ये ते पासष्टावर आणले गेले. तरीही या योगायोगामुळे एका आकड्याला दोन अर्थ मिळाले. सांख्यिकीच्या दृष्टीने तो सर्वांत स्वच्छ आकडा ठरला आणि समाजाच्या दृष्टीने सर्वांत जड. या वयातला माणूस घर चालवत असतो आणि त्याच्या आजाराने अख्ख्या कुटुंबाची घडी विस्कटते.

वय बाजूला काढले नाही तर तुलना किती फसवी ठरते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्येकी एक लाख वस्तीचे दोन प्रदेश घेऊ. पहिल्यात ३५ ते ६४ वयाचे ४०,००० आणि पासष्टच्या पुढचे २०,००० लोक आहेत, तर दुसऱ्यात हेच आकडे २५,००० आणि ५,००० आहेत. वृद्धांमध्ये रोगाचे प्रमाण दोन्हीकडे लाखामागे १,५०० आहे, पण मधल्या वयात ते पहिल्या प्रदेशात ३०० आणि दुसऱ्यात ४०० आहे. या दोन वयोगटांतले नवे रुग्ण मोजले, तर पहिल्या प्रदेशात ४२० आणि दुसऱ्यात १७५ भरतात. वरवर पाहणारा म्हणेल की पहिला प्रदेश दुपटीहून अधिक ग्रासलेला आहे. प्रत्यक्षात कमावत्या वयाच्या माणसाला दुसऱ्या प्रदेशात एक तृतीयांशाने अधिक धोका आहे. ही गल्लत टाळण्यासाठी वयोसमायोजित दर काढतात, म्हणजे दोन्हीकडचे वयोगटवार दर एकाच ठरावीक वयरचनेच्या 'प्रमाण' लोकसंख्येला लावून पाहतात. त्यासाठी लागणारी प्रमाण लोकसंख्या जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये सुचवली आणि थोड्या फेरफाराने ती आजही वापरात आहे.

नकाशाची कल्पना याहून बरीच जुनी आहे. इटलीतील व्हेरोना शहराच्या १७६० ते १८३९ या काळातल्या मृत्युनोंदी चाळून रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये दाखवले की, ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचे कमी आहे. शहर एकच, हवा-पाणी एकच, तरी जगण्याची रीत बदलली की रोगाचा अवयव बदलतो, हे त्यातून पुढे आले. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हॅव्हिलंड यांनी १८७० च्या दशकात स्त्रियांमधील कर्करोगाचे रंगीत नकाशे काढले आणि पुराचे पाणी येणाऱ्या नदीखोऱ्यांना दोष दिला. त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. पण त्यांचा प्रश्न टिकला, आणि माझ्या मते या विषयात चुकीच्या उत्तरांपेक्षा न विचारलेल्या प्रश्नांनीच अधिक नुकसान केले आहे. तोवर काश्मीरमधून एल्मस्ली यांनी १८६६ मध्येच पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर होणारा एक वेगळाच कर्करोग नोंदवला होता. फिरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून ऊब घेणाऱ्यांना, जिथे वर्षानुवर्षे चटका बसतो तिथेच तो होत असे.

अशा सुट्या निरीक्षणांना पाया हवा होता, तो नोंदणीने दिला. लोकसंख्येवर आधारित, म्हणजे एखाद्या भागातल्या प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणाऱ्या, नोंदणीची सुरुवात जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये १९२० च्या दशकात झाली आणि १९४२ मध्ये डेन्मार्कने अख्ख्या देशाची नोंद ठेवायला घेतली. भारतात असे काम प्रथम १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले. तिथल्या आकड्यांनी रिगोनी-स्टर्न यांचाच धडा पुन्हा गिरवला. एकाच शहरात राहणाऱ्या पारशी समाजात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आणि स्तनाच्या कर्करोगाचे जास्त आढळले. १९६५ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली आणि नोंदींची जुळवाजुळव तिच्याकडे आली.

नकाशावरचा गडद डाग पाहून माणसे प्रत्यक्ष तिथे गेली, तेव्हा काय हाती लागले याची सर्वांत बोलकी उदाहरणे अमेरिकेतली आहेत. १९५० ते १९६९ या काळातील कर्करोग-मृत्यूंचा जिल्हावार नकाशासंग्रह तिथे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. आग्नेयेकडच्या राज्यांत स्त्रियांच्या तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय होते. नॉर्थ कॅरोलायनात डेबोरा विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण स्त्रियांच्या सवयींची बारकाईने चौकशी केली. तिथल्या अनेक स्त्रिया लहान वयापासून तपकिरीची चिमूट हिरडी आणि गाल यांच्यामध्ये धरून ठेवत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, धूम्रपान न करणाऱ्या तपकीरवाल्या स्त्रियांना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका चौपट दिसला. दीर्घकाळ तपकीर धरणाऱ्या स्त्रियांमध्ये नेमक्या हिरडीच्या आणि गालाच्या कर्करोगाचा धोका तर जवळजवळ पन्नास पट होता. त्याच संग्रहात किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांमध्ये पुरुषांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा पट्टा उमटला होता. त्याचा माग दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजबांधणीच्या गोद्यांपर्यंत आणि तिथल्या ॲस्बेस्टॉसपर्यंत पोहोचला. तरुणपणी केलेल्या या कामाचा परिणाम वीस-तीस वर्षांनी, म्हणजे पन्नाशीच्या आगेमागे, दिसत होता.

आशियातला सर्वांत ठळक डाग अन्ननलिकेच्या कर्करोगाचा आहे. चीनने १९७३ ते १९७५ मधील मृत्यूंची पाहणी सुमारे ८५ कोटी लोकांमध्ये केली. तीत हेनान प्रांतातील लिनश्यानसारखे तालुके अतिशय गडद निघाले आणि फार दूर नसलेले काही तालुके फिके. तिथल्या कोंबड्यांनाही गळ्याचे अर्बुद होत असल्याचे आढळल्याने अन्नाकडे संशय वळला. पुढे १९८६ ते १९९१ या काळात लिनश्यानमध्ये ४० ते ६९ वयाच्या सुमारे तीस हजार लोकांवर पोषक पूरकांची चाचणी झाली. सेलेनियम, बीटा-कॅरोटिन आणि जीवनसत्त्व 'ई' एकत्र देण्यात आलेल्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतरच्या पाठपुराव्यात दिसली. सुरुवातीला ज्यांचे वय ५५ च्या आत होते, त्यांच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मृत्यू घटले, पण त्याहून मोठ्या वयाच्यांत हा लाभ दिसला नाही, उलट मृत्यू काहीसे वाढले. प्रदेश एक, गोळी एक, तरी वयाप्रमाणे फळ वेगळे! मधले वय वेगळे काढून पाहण्याचे याहून मोठे समर्थन मला दुसरे ठाऊक नाही.

इराणच्या ईशान्येला, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला, हाच कर्करोग १९७० च्या दशकात जगाच्या नजरेत आला. तिथल्या गोलेस्तान प्रांतात २००४ पासून सुमारे पन्नास हजार प्रौढांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यातून अफू आणि कढत चहा या दोन गोष्टी पुढे आल्या. आज ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये 'बहुधा कर्ककारक' आणि अफूचे सेवन 'कर्ककारक' मानले जाते.

बाल्कन प्रदेशाची कथा तर रोजच्या भाकरीपर्यंत जाते. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी क्रोएशिया, बॉस्निया, सर्बिया, रुमानिया आणि बल्गेरियातल्या काही खेड्यांमध्ये ऐन उमेदीतल्या शेतकऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि त्यांतल्या अनेकांना मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग होई. एकाच गावात काही घरे पोखरली जात आणि शेजारची सुरक्षित राहत. गव्हाच्या शेतात उगवणाऱ्या अरिस्टोलोकिया या तणाचे बी धान्याबरोबर कापले आणि दळले जात असावे, असा तर्क १९६९ मध्येच मांडला गेला होता, पण तो मागे पडला. ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी याच कुळातली वनस्पती असलेले औषध घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निकामी झाली, तेव्हा तो तर्क पुन्हा आठवला. २००७ मध्ये बाल्कन रुग्णांच्या पेशींतील डीएनएवरच या वनस्पतीतल्या विषाच्या खुणा सापडल्या. जवळजवळ चार दशके हे उत्तर कागदावर पडून होते, याची खंत वाटते.

प्रदेशाचा हा प्रभाव रक्तातला की राहणीतला, या प्रश्नाचा निकाल स्थलांतरितांच्या अभ्यासाने बऱ्याच अंशी लावला. जपानमधून अमेरिकेत गेलेल्यांविषयी हेन्झेल आणि कुरिहारा यांनी १९६८ मध्ये दाखवले की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण नव्या देशात लवकर चढते. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र जन्मभूमीतून आलेल्या पिढीत बरेचसे टिकून राहते आणि तिकडे जन्मलेल्या पिढीत खाली येते. काही अवयव बालपणाचा हिशेब ठेवतात आणि काही कालपरवाचा, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

तंबाखूच्या बाबतीत मधल्या वयाचा आकडा इशारा लवकर देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरी, पोलंड आदी मध्य युरोपीय देशांत मध्यमवयीन पुरुषांमधले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू पश्चिम युरोपच्या पुष्कळ पुढे गेले होते. जिथे धूम्रपान घटले तिथे घसरण आधी तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत दिसली आणि वृद्धांत ती बऱ्याच वर्षांनी उतरली. एकूण दर वाढत असतानाच कमावत्या वयाचा दर खाली येऊ लागलेला असू शकतो, आणि उलटही घडते.

सगळेच फरक मात्र रोगाच्या कारणांमुळे पडत नाहीत. काही आरोग्यसेवेमुळे पडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या पॅप तपासणीचे नॉर्डिक देशांतले आकडे यासाठी अभ्यासण्याजोगे आहेत. १९६५ ते १९८२ या काळात या कर्करोगाचे मृत्यू आइसलँडमध्ये ८० टक्क्यांनी आणि फिनलंडमध्ये ५० टक्क्यांनी घटले. तिथे देशभर संघटित तपासणी होती. नॉर्वेत ती लोकसंख्येच्या फक्त ५ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती आणि तिथली घट १० टक्केच राहिली. दक्षिण कोरियात याची उलट बाजू दिसली. १९९९ नंतर तपासण्यांचे प्रमाण वाढले, त्यांबरोबर मानेची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरा पट झाले, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास होते तिथेच राहिले. म्हणून या वयोगटाचा नकाशा वाचताना निदानाचे आणि मृत्यूचे आकडे एकत्र पाहावे लागतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या उद्दिष्टात असंसर्गजन्य आजारांनी होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक तृतीयांशाने कमी करायचे ठरले. त्यासाठी मोजमाप ३० ते ७० या वयांमधल्या मृत्यूंचेच धरले जाते.

आताची सर्वांत मोठी चिंता पन्नाशीच्या आतल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची आहे. अमेरिकेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना, १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या त्याच वयाच्या तुलनेत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. २०२१ मध्ये तिथे नियमित तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले गेले. पुढे ५० देश व प्रदेशांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी २७ ठिकाणी तरुण वयातले प्रमाण वाढताना आढळले. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचे जनुकीय वाचन प्रसिद्ध झाले. आतड्यातील काही जिवाणू सोडतात त्या कोलिबॅक्टिन विषाच्या खुणा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक वेळा दिसल्या, आणि त्या बालपणीच उमटत असाव्यात असा संशोधकांचा अंदाज आहे. नोंदणीच्या पत्रकात मात्र रुग्णाचा निदानाच्या वेळचा पत्ता लिहिला जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी एका शहरात नोंदला गेलेला रुग्ण पाचव्या वर्षी कुठे राहत होता, हे कळण्याची सोय त्या रकान्यात नाही.