मुदत टळलेलं अपील आणि ‘पुरेसं कारण’

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली की मुरलेला वकील आधी निकाल वाचत नाही, शिक्का शोधतो. नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तीन तारखा त्यावर असतात. मग कागदाच्या कडेला पेन्सिलीने हिशेब सुरू होतो. दिवाणी अपिलाला हायकोर्टात ९० दिवस, जिल्हा न्यायालयात ३० दिवस. नकलेत गेलेले दिवस त्यातून वजा. शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील चालतं. एवढं करूनही दिवस उलटलेच असतील तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. तो मंजूर झाल्याशिवाय अपिलाला नंबरही पडत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाने स्वतःहून तो पाहायचा, असं मुदतीच्या कायद्याचं कलम ३ सांगतं.

देशभरासाठी मुदतीचा पहिला कायदा १८५९ चा. ‘पुरेसं कारण’ दाखवलं तर उशिरा आलेलं अपीलही घेता येईल, ही सवलत १८७७ च्या कायद्यात कलम ५ म्हणून होती आणि १९०८ व १९६३ च्या कायद्यांतही त्याच आकड्याखाली राहिली. सध्याचा कायदा १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. पुरेसं म्हणजे किती, याची व्याख्या मात्र कुणीच केली नाही. ते काम कोर्टांवर सोडलं. १८९० मध्ये मद्रास हायकोर्टाने सांगितलं की पक्षकाराची हयगय नसेल, हेतू शुद्ध असेल, तर या शब्दांचा अर्थ न्यायाला पुढे नेईल असा सैल लावावा. आजही बहुतेक अर्जांत हेच वाक्य थोड्याफार फरकाने उतरलेलं असतं.

१९६१ च्या रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स निकालाने मोठी सोय केली. तो लिहिला होता साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. अपील एका दिवसाने चुकलं होतं, कारण होतं आजारपण. मग आधीचे सगळे दिवस काय करत होतात, असं खालच्या न्यायालयाने विचारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं: मुदतीचे सगळे दिवस वापरायचा पक्षकाराला हक्कच आहे, खुलासा द्यायचा तो मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचा.

आपल्याकडच्या प्रकल्पग्रस्तांना माहीत असायलाच हवा असा निकाल १९८७ चा, काश्मीरमधल्या अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरांच्या प्रकरणातला. कनालमागे (कनाल हे तिकडचं जमिनीचं माप) १००० रुपये असलेला मोबदला ८००० झाला, आणि त्याविरुद्ध सरकारचं अपील ४ दिवस उशिरा आलं. हायकोर्टाने फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयाने घेतलं. प्रत्येक दिवसाचा खुलासा मागता, मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नाही, हा त्यातला सवाल. उशीर करून पक्षकाराचा फायदा होत नाही, हे त्यातलं दुसरं सूत्र. म्हणजे विलंब माफीचं देशातलं सर्वांत उदार तत्त्व जन्मलं तेच जमीन गेलेल्या लोकांच्या विरोधात, सरकारच्या बाजूने. फाइल टेबलाटेबलावर फिरते हे सरकारचं कारण समजून घेतलं गेलं. मग ज्याची जमीन गेली, त्याच्या घरातल्या अडचणी समजून घेण्यात हात आखडता का असावा?

१९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं संपादनाखाली आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला मान्य नसेल तर कलम १८ खाली अर्ज करायला निवाड्याच्या, म्हणजे कलेक्टरने मोबदला ठरवल्याच्या, वेळी हजर असलेल्याला ६ आठवडे, आणि नोटीसही न मिळालेल्याला फार तर ६ महिने. हे चुकलं तर माफ करायचा अधिकार कलेक्टरला नव्हताच. खाडीवर आणि शेतावर जगणाऱ्या माणसाला निवाड्याचा कागद समजेपर्यंत ६ आठवडे निघून जात. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आलं: शेजाऱ्याला कोर्टाने दर वाढवून दिला तर अर्ज न केलेल्यालाही ३ महिन्यांत तोच दर मागता येऊ लागला. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईत भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, त्याच वर्षीची ही दुरुस्ती. दोन्हींचा थेट संबंध मी जोडत नाही, पण इथल्या माणसाला ते वर्ष विसरता येत नाही.

पुढे कोर्टांनी एक मधला मार्ग काढला आणि मला तो सर्वांत न्याय्य वाटतो. २०१४ मध्ये हरियाणातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला, वाढीव दर दिला, पण उशिराच्या काळाचं व्याज नाकारलं. सरकारवर उशिराच्या व्याजाचा बोजा पडत नाही, माणसाचा हक्कही जात नाही.

अलीकडे वारं फिरलं आहे. २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा उशीर नाकारताना फायली फिरण्याचं कारण यापुढे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं. ते योग्यच झालं. पण एप्रिल २०२४ मध्ये आंध्रातल्या जमीनधारकांच्या वारसांचं ५६५९ दिवस उशिराचं अपीलही दाराबाहेर राहिलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मात्र कलेक्टरला पुरेशा कारणासाठी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याचा अधिकार दिला.

करोनाचा काळ, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. जुन्या निवाड्यांचे कागद घेऊन आता नातवंडं येतात. त्यांच्या अर्जात ‘आम्हाला माहीत नव्हतं’ एवढंच असतं आणि तिथेच तो पडतो. आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा फेरफार, दवाखान्याचे कागद, आणि निवाडा कळला ती नेमकी तारीख प्रतिज्ञापत्रावर, हे सगळं पहिल्याच दिवशी जोडलेलं हवं.