विद्यापीठीय वैद्यकीय संशोधन आणि रुग्णसेवा (नाशिक)

विद्यापीठीय वैद्यकीय संशोधन म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापक, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी यांनी रुग्ण तपासताना पडलेल्या प्रश्नांची पद्धतशीरपणे केलेली उकल. औषध कंपनीच्या संशोधनाची सुरुवात बहुधा एखाद्या औषधापासून होते. इथे ती खाटेवरच्या माणसापासून होते. महाराष्ट्रात या कामाचा मोठा भाग नाशिकशी जोडलेला आहे, कारण १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी आणि नर्सिंग महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. नाशिक परिसरात आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यातील धामणगावचे एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांपैकी दोन.

संशोधनाने उपचार कसे बदलतात, हे सर्पदंशात फार स्पष्ट दिसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत भाताच्या आवणीच्या (रोपे लावण्याच्या) दिवसांत माणसे तासन्‌तास चिखलात वाकलेली असतात आणि रात्री अनेक घरांत जमिनीवर झोपतात. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा साप कोणता होता हे त्याला सहसा सांगता येत नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. ते ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी २० मिनिटे अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष द्यायचे. नळी साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल तर निकाल चुकतो, प्लास्टिकची असेल तरीही चुकतो. ही बारीकसारीक पथ्ये अभ्यासांतून ठरली आहेत, आणि ती पाळली नाहीत तर चाचणी करून उपयोग नाही.

प्रतिविष दिल्यावर हीच चाचणी दर सहा तासांनी पुन्हा करतात. यामागे कारण आहे: विष निष्प्रभ झाल्यावरही रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला सुमारे तेवढा वेळ लागतो. त्याआधीच घाईने आणखी कुप्या दिल्या तर त्या वाया जातात. शिवाय प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनवलेले असल्याने तीव्र ॲलर्जीचा धोका असतोच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तुलनात्मक अभ्यासांत कमी मात्रा घेतलेल्या रुग्णांचे निकाल जास्त मात्रेपेक्षा वाईट आले नाहीत. साठा मोजकाच असलेल्या ग्रामीण रुग्णालयासाठी ही फार मोलाची माहिती आहे. मण्याराच्या दंशात मात्र ही नळी काहीच सांगत नाही. तिथे सूज नसते, रक्त व्यवस्थित गोठते. पोटदुखी आणि जड होत जाणाऱ्या पापण्या यांवरूनच ओळखावे लागते.

दूरच्या विद्यापीठातले उत्तरही इथपर्यंत पोहोचते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता, पण लोकांपर्यंत तो तितका पोहोचला नाही.

रोजच्या व्यवहारात संशोधनाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याचा शोधप्रबंध, बोलीत ‘थीसिस’. एमडी-एमएसच्या तीन वर्षांत तो करावाच लागतो. विषयाचा आराखडा आधी महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीपुढे जातो. औषधांच्या चाचण्यांची नोंद २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. कोकणा आदिवासींची किंवा भिल्ल बोली बोलणाऱ्या माणसाला छापील मराठी वाचून दाखवणे आणि त्याला खरोखर समजणे यांत अंतर आहे. नकार दिला तरी उपचारांत काहीही कमी होणार नाही, हे त्याला पहिल्यांदा सांगितले पाहिजे. बहुतेकांच्या मनातली भीती तीच असते.

या व्यवस्थेचा कच्चा दुवाही थीसिसच आहे. एका विद्यार्थ्याच्या हाती थोडेच रुग्ण असतात, मुदत ठरलेली असते, आणि परीक्षा संपली की बांधीव प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. थोड्या रुग्णांवरून उपचार बदलता येत नाहीत. पण एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरची महाविद्यालये असल्याने एकच प्रश्न, एकच नमुना-फॉर्म आणि एकच मोजमाप घेऊन नाशिक, नागपूर, अंबाजोगाई येथे एकाच वेळी काम करणे शक्य आहे. त्यासाठी केसपेपर नीट भरलेला हवा. दंशाची वेळ, दवाखान्यात पोहोचल्याची वेळ, पहिली कुपी दिल्याची वेळ: हे तीन रकाने कोरे राहिले, तर त्या रुग्णाचा अनुभव पुढच्या रुग्णाच्या कामी येत नाही.