मोट (वायरलेस सेन्सर)

मोट म्हणजे सेन्सर, छोटा प्रोसेसर, कमी पल्ल्याचा रेडिओ आणि पेन्सिल सेल हे सगळं एकत्र बसवलेलं बोर्ड. विहिरीवरच्या मोटेशी याचा काही संबंध नाही, इंग्रजीत धुळीच्या कणाला मोट म्हणतात त्यावरून हे नाव आलं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट १९८० च्या आसपासच्या डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) सेन्सर नेटवर्क प्रकल्पापर्यंत मागे जातात, पण तेव्हाचे नोड, म्हणजे नेटवर्कमधली एकेक यंत्रं, गाडीत घालून न्यावे लागायचे, त्यामुळे त्यांना फार तर पणजोबा म्हणता येईल. १९९० च्या दशकात यूसीएलएमध्ये (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) विल्यम कायझर आणि ग्रेगरी पॉटी यांनी सेन्सर आणि रेडिओ एकत्र आणले, आणि साधारण १९९७-९८ कडे त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेत क्रिस्टोफर पिस्टर यांनी 'स्मार्ट डस्ट' मांडलं, म्हणजे सगळं एका घन मिलिमीटरात. तो आकार तेव्हा लांबच राहिला, पण बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून तिथे जी बोर्डं झाली आणि डेव्हिड कलर यांच्या गटाने २००० च्या सुमारास जी टायनीओएस, म्हणजे मोटेसाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, काढली, ते बघता आजच्या अर्थाने मोट बर्कलीचीच म्हणावी लागते.

'स्मार्ट' हा शब्दही सैलच वापरतात. आयईईई १४५१ या स्मार्ट सेन्सरच्या स्टँडर्डप्रमाणे सेन्सरने स्वतःची माहिती, म्हणजे काय मोजतो, किती रेंज, कॅलिब्रेशन काय, स्वतःजवळ ठेवायला हवी. बऱ्याच मोटींमध्ये ती नसायचीच.

खरी अडचण सेलची. २००४ च्या टेलॉस मोटेत रॅम जेमतेम १० केबी, आणि तिच्या रेडिओला नुसतं ऐकायलाच १९ मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो, पाठवण्यापेक्षा थोडा जास्तच. २५०० मिलिअँपिअर-तासाचे सेल असे पाच-सहा दिवसांत संपतात, म्हणून रेडिओ ९९ टक्के वेळ झोपवून ठेवायचा आणि एकमेकींशी बोलायला सगळ्या मोटींनी एकाच वेळी उठायचं कसं हे सोडवत बसायचं. २००३ चं ८०२.१५.४ हे रेडिओचं स्टँडर्ड अशाच कमी विजेच्या कामाचं: सेकंदाला २५० किलोबिट, फ्रेम (एका वेळी पाठवायचा माहितीचा तुकडा) जास्तीत जास्त १२७ बाइटची. झिगबी हे वायरलेस नेटवर्कचं स्टँडर्ड त्याच्याच वरचा थर.

२००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर ३२ मोटी लावल्या, त्यातल्या काही स्टॉर्म पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांमध्ये, पक्ष्यांना त्रास न देता घरट्यातलं तापमान, आर्द्रता मोजायला. पाणी आत शिरलं की आर्द्रता १५० टक्के, नाहीतर शून्याच्याही खाली दाखवायची, आणि असं आकडे बरळायला लागलेली मोट बहुधा थोड्याच दिवसांत बंद पडायची.

भारतात केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने दरडींचा इशारा मिळावा म्हणून डोंगरउतारावर असं नेटवर्क उभारलंय. तिथे जमिनीत भोकं पाडून मातीतल्या पाण्याचा दाब मोजतात.