सीओपीडीवाल्याचं ९० आणि बाकीच्यांचं ९०

कोविड गेला पण घराघरात ऑक्सिमीटर आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा ९४ टक्के हा आकडा ठेवून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी आजही कुणाला जरा खोकला झाला की पहिलं बोट पुढे करायला लावतात आणि ९४ च्या खाली दिसलं की अख्खं घर डोक्यावर. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांना आधीपासून सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाचा कायमचा आजार, आहे त्यांनाही हाच आकडा लावतात, आणि त्याने २०२१ मध्ये माणसं जास्त आजारी पडलेली बघितलीयेत म्हणून हे लिहितेय.

कोविडचं सगळ्यांना पाठ आहे. ९४ च्या वर ठीक, ९३ किंवा खाली गेलं की डॉक्टरला फोन, ९० च्या खाली म्हणजे गंभीर, ऑक्सिजन लावा, पालथं झोपवा. यावर वेळ घालवत नाही.

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या आणि फुफ्फुसातले फुगे फाटून ढिले पडलेले. विडी-सिगारेटने होतो, आणि आपल्याकडे चुलीच्या धुरानेही होतो, माझ्या आईने विडीला कधी हात लावला नाही, हयात चुलीपुढे गेली. हा दमा नव्हे, "म्हातारपणाचा दमा" तर अजिबातच नव्हे. ताप, वास जाणं, अंगदुखी हे कोविडकडे झुकतं, बेडका वाढणं आणि त्याचा रंग बदलणं हे सीओपीडी भडकल्याकडे, पण यावरून घरबसल्या निकाल लावू नका, टेस्ट करा आणि मोकळे व्हा.

आता मुद्द्याचं. ऑक्सिमीटरवर ९० दिसतंय. कोविड झालेल्या तिशीतल्या मुलाचं ९० आणि आईचं ९० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या मुलाचं मागच्या आठवड्यात ९८ होतं, म्हणजे तो ८ ने घसरलाय आणि अजून घसरेल, आणि बऱ्याचदा त्याला काही जाणवतही नाही, मोबाईल बघत बसलेला असतो. कारण जीव गुदमरल्यासारखं वाटायला लावतो तो मुख्यतः रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साईड, आणि त्याचा तो नीट बाहेर पडत असतो. आईचं उलटं. तिचं चांगल्या दिवशीही ९० ते ९२, शरीराने त्याच्याशी कधीच जुळवून घेतलंय, आणि तिला ९२ असतानाही दम लागतो कारण आत गेलेली हवा पुरती बाहेरच येत नाही, अडकून राहते. तो दम ऑक्सिजन वाढवून जात नाही, इनहेलरने आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्याने थोडा उतरतो.

आणि इथेच लोक ती चूक करतात. ९० दिसलं, घरात कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारं मशीन) आहे, मग लावा मिनिटाला ५ लिटर आणि करा ९८! एप्रिल २०२१ मध्ये बेड मिळत नव्हते तेव्हा ओळखीतल्या एका काकांच्या घरी हेच झालं. किती लिटर जातोय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली ती छोटी गोळी डॉक्टरांनी १ वर ठेवायला सांगितली होती, काळजीपोटी मुलाने ५ वर नेली, ९७ आलं, सगळे निवांत झोपले. सकाळी काकांचं डोकं ठणकतंय, हात गरम, चहाचा कप धरला तर हात फडफडतोय आणि बोलता बोलता डोळे मिटतायत. ऑक्सिमीटर मात्र ९७ च दाखवत होतं, त्यामुळे "रात्रभर झोप नाही म्हणून गळालेत" असंच सगळे धरून चालले होते. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साईड भरमसाट वाढलेला, बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) ठेवावं लागलं, मग आले ठिकाणावर.

ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साईड मोजतच नाही. तो कळतो मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन केलेल्या एबीजी टेस्टमध्ये. म्हणजे आकडा झकास आणि माणूस गुंगीत, असं होऊ शकतं, आणि ते दिसल्यावर अजून ऑक्सिजन वाढवणं हे सगळ्यात वाईट.

असं का होतं याचं जे उत्तर सगळीकडे फिरतं ना, की "यांचा मेंदू कमी ऑक्सिजनवरच श्वास घ्यायला शिकलेला असतो, जास्त दिला की श्वास घ्यायचाच विसरतो", ते अर्धवट आहे. तो भाग आहे पण त्यापेक्षा मोठा भाग फुफ्फुसातच घडतो. खराब भागात हवा नीट जात नाही, म्हणून फुफ्फुस तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवतं, पडीक वावराचं दार बंद करून पाटाचं पाणी पिकाकडे वळवावं तसं. तुम्ही भसाभस ऑक्सिजन सोडला की खराब भागातल्या त्या आवळलेल्या वाहिन्याही सैल होतात, रक्त तिकडेही जायला लागतं आणि कार्बन डायऑक्साईड न टाकताच परत येतं. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जास्त मिळाला की त्याने धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साईड तो रक्तात सोडून देतो. धडधाकट माणूस जोरात श्वास घेऊन हे सगळं बाहेर टाकेल, सीओपीडीवाल्याकडे तेवढी ताकदच नसते.

म्हणून यांचं टार्गेट ८८ ते ९२. हे माझं मत नाही, एप्रिल २०२१ च्या एम्स-आयसीएमआरच्या कोविड गाईडलाईनमध्येच मध्यम आजाराच्या पेशंटसाठी ९२ ते ९६ आणि सीओपीडी असेल तर ८८ ते ९२ असं लिहिलं होतं. म्हणजे सीओपीडीवाल्याला कोविड झाला तरी टार्गेट तेच. कुणी ते पुढे पाठवलं नाही, ९४ वाला फॉरवर्ड तेवढा पोचला. आणि हे कोविडच्या आधीपासून माहीत होतं, २०१० मध्ये टास्मानियातल्या ॲम्ब्युलन्समधला अभ्यास छापून आला, त्यात सीओपीडी नक्की असलेल्यांना भरपूर ऑक्सिजन दिला तेव्हा ९ टक्के दगावले आणि मोजून-मापून ८८ ते ९२ वर ठेवलं तेव्हा २ टक्के.

आता याचा उलटा गोंधळ, तोही तितकाच धोक्याचा. "यांचं नेहमीच कमी असतं हो" म्हणून आईचं ९१ वरून ८६ झालं तरी घरी बसणारे. नेहमीचा आकडा हाच खरा आधार आहे, म्हणून बरं असताना, शांत बसून, बोट गरम करून, नेलपॉलिश नसताना आठवडाभर आकडा वहीत लिहून ठेवा. मशीन दोन-चार पॉइंट इकडे-तिकडे दाखवतं, सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतं, तेव्हा एका आकड्यावर जाऊ नका, ट्रेंड बघा. बसल्याजागी नेहमीपेक्षा ३-४ ने खाली, किंवा ८८ च्या खाली, किंवा एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओठ निळसर, विनाकारण गुंगी, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ लावा. आणि सीओपीडी आहे म्हणून घाबरून ऑक्सिजन एकदम बंद करू नका, त्याने आकडा आधीपेक्षाही खाली कोसळतो. मोजून द्यायचा आहे, तोडायचा नाही.

आणि ८८ ते ९२ हे सरसकट छातीच्या सगळ्या आजारांना लावू नका! दमा किंवा फायब्रोसिस असेल तर सहसा ९४ च्या वरच ठेवतात. सगळ्या सीओपीडीवाल्यांचा कार्बन डायऑक्साईडही साठत नाही, कुणाचा साठतो ते एबीजीवरून डॉक्टर सांगतील आणि टार्गेट त्यांनीच लिहून द्यायचं.

सहा मिनिटं चालायची टेस्ट तर सीओपीडीवाल्याला घरी करायला लावूच नका. चालल्यावर यांचा आकडा एरवीही पडतो, त्यावरून कोविडचं काहीच कळत नाही, माणूस तेवढा दमतो. घरात कोविड असताना नेब्युलायझरचा फवाराही खोलीभर पसरतो, त्यापेक्षा इनहेलरच्या पंपाला स्पेसर (पुढे जोडायचं नळकांडं) लावून घ्या, औषध तितकंच पोचतं.

फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: सीओपीडी आहे, टार्गेट ८८ ते ९२ (डॉक्टरांनी दिलं असेल ते), नेहमीचा आकडा अमुक, घरी इतके लिटर, शेवटची एबीजी अमुक तारखेची. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत तुम्हाला हे धड सांगता येणार नाही आणि समोरच्या दमलेल्या डॉक्टरला विचारायला सुचेलच असं नाही. कागद पुढे करा आणि मास्क लावताना विचारा, "किती लिटर लावताय?"